बेचाळीस ग्रॅम

कॅल्गरीत, टायरचं दुकान आणि दातांचा दवाखाना
यांच्या मधल्या गाळ्यात
'तेरा पायऱ्या'ची सातवी शाखा.
बाहेर उणे एकोणतीस.
आत काचेवर इतकी वाफ
की कुणीतरी बोटानं नाव लिहून गेलंय, उलटं,
बाहेरून वाचता यावं म्हणून.

मेनूवर मिरच्या काढल्यात, एक ते पाच.
पाचाखाली बारीक अक्षरात: आपल्या जबाबदारीवर.
भिंतीवर चोंगचिंगचा भलामोठा फोटो,
धुकं, जिना, जिन्यावर कावड घेतलेली बाई.
रान देशुन म्हणतो, तेरा कुठल्या,
आमच्या गल्लीला दोनशे चौदा होत्या.
उतरताना मोजायचो. चढताना कोण मोजतं.
आता तिथे लिफ्ट आहे. गल्ली नाही.

त्या दोनशे चौदा उतरून तो पहाटे
डोळ्यांच्या मापानं नूडल्स वाढायचा:
गवंड्याला तेल सढळ, मास्तरणीला कांदापात कमी,
आदल्या रात्री प्यायलेल्याला व्हिनेगर, न विचारता.
इथे मंगळवारी ट्रक येतो.
मसाला पिशव्यांत, पिशव्या खोक्यांत,
आणि स्टीलचा एक डाव, बेचाळीस ग्रॅमचा,
ना उणा ना ओसंडता.
एडमंटनला जी चव तीच इथे,
हे छापलंय रुमालावर, कपावर, देशुनच्या पाठीवर.

बर्फ हटवणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर,
ऑरेल लाफ्रेनिएर, साडेनवाला येतो.
दारात बूट आपटतो, दोनदाच.
पाच मिरच्या, म्हणतो.
सहा नाहीत का?
जोसलिन म्हणते, यंत्रात सहाचं बटण नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याची जीभ गेली.
म्हणजे जीभ आहे, चव गेली.
कॉफी म्हणजे गरम, केक म्हणजे मऊ,
बायकोनं रांधलेलं सगळं म्हणजे 'छान झालंय'.
फक्त इथे, तिसऱ्या घासाला,
ओठांवर काहीतरी चालू होतं.
मुंग्या नव्हेत. माळरानात विजेच्या तारांखाली
उभं राहिल्यावर ऐकू येतं ना, तसं.

ते हुआजाओ. आपल्या तिरफळाची लांबची बहीण.
तिखटाच्या हाताला धरून येते,
तिखट गेल्यावरही बसून राहते.
चिनीत दोघांना मिळून म्हणतात मा-ला:
मा म्हणजे बधिर, ला म्हणजे झोंबणारं.
मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं
कुणी काही मागतंय.
मला, मला.

देशुनला त्याची भाषा येत नाही.
त्यानं एवढंच पाहिलं:
हा माणूस अंगठ्यानं ओठ चाचपतो,
खिशात किल्ली आहे ना, बघावं तसा.
त्या रात्री देशुननं डाव उपडा ठेवला.
हातमोज्यांच्या खोक्यामागून डबा काढला,
बहिणीनं लोकरी पायजम्यात गुंडाळून पाठवलेला,
हिरवे दाणे, देठासकट.
तवा तापला. अलार्म कोकलला.
जोसलिननं खुर्चीवर चढून टॉवेल हलवला.

ऑरेल जेवला. जेवता जेवता थांबला.
काचेवरच्या त्या उलट्या नावाकडे बघत राहिला,
मग म्हणाला,
लिंबू?
कुणालाच विचारत नव्हता.

महिनाअखेरीस मुख्य कचेरीचा फोन:
तुमच्याकडे मसाला उरतोय,
एक किलो ब्याण्णव ग्रॅम.
कमी पडला तर समजू शकतो. उरतो कसा?
कोण खात नाहीये?
जोसलिननं फोन खांद्यात धरून आत पाहिलं.
देशुन पाठमोरा, पाठीवर 'एकच चव',
डबा हलवून आवाज ऐकत होता.
शोधते, म्हणाली.

तेव्हापासून दुकान बंद करताना ती
एक डाव मोजून मोरीत ओतते,
ना उणा ना ओसंडता,
वर गरम पाणी, वहीत एक टिक.
हिशेब जुळतो.
जाळीवर लाल तेलाचा डोळा मात्र
बराच वेळ मिटत नाही.

डब्याचा तळ दिसू लागलाय.
बहीण फोनवर विचारते, किती पाठवू?
त्याला ग्रॅममध्ये सांगता येईना.
एका माणसापुरतं, म्हणाला.
पण इथल्या हिवाळ्याएवढं.